खायची शाई, कागदाची शाई

शुभा,

तुझ्या खोलीचं दार काल उघडलं. तेराव्यानंतर पहिल्यांदाच. वास तोच, शाईचा आणि व्हॅनिलाचा मिळून झालेला. मी रोज त्याला नाक मुरडायचे आणि तू म्हणायचीस, "आक्का, ह्योच तर आपल्या धंद्याचा वास." दोन्ही प्रिंटर टॉवेलखाली झाकलेले होते. तापानं फणफणत असताना अंथरुणातून उठून तूच ते झाकलेस आणि त्यावरूनही मी तुला बोललेच होते.

टॉवेल काढताना मला धडकी भरली. शाईचं मशीन पडून राहिलं की त्याचं हेड वाळतं, शाई जिथून कागदावर पडते ती बारीक भोकं बुजतात, एवढं तुझ्यामुळे मलाही कळतं. रोज एक तरी कागद काढायचा हा तुझा नेम होता. इकडे मी देवाला फुलं वाहत असायचे आणि तिकडे तू मशीनमधून चार रंगांच्या रेघा काढून उजेडाला धरून बघायचीस. तू गेल्यापासून कुणी एक रेघ काढलेली नाही.

तुझा नवरा म्हणतो, दोन्ही मशीन देऊन टाकू. "वहिनी, ती घरघर कानावर आली की वाटतं ती आतच हाय," एवढं म्हणून भाऊजी उठून बाहेर गेले. मग दाराशी येऊन पुन्हा म्हणाले, "का तुमी चालवनार एकट्या?" कापूरहोळचा एक माणूस रविवारी मशीन बघायला येणार होता. सासूबाई गप्प आहेत. यांनी विषय काढून पाहिला, त्यावर मी चिडले, मग यांनीही सोडून दिला. आता घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. तुला तर माहीतच आहे, मला केक येतो, शाई येत नाही. शाईची सुई हातात धरली की माझा हात कापतो. आणि शाईवरून तुझं-माझं जे भांडण होतं ते तू अर्धवट टाकून गेलीस, ते आता मी कुणाशी पुरं करू?

म्हणून तुलाच सांगते. मधे बोलू नकोस. जिवंतपणी एकदाही मला सलग बोलू दिलं नाहीस.

तू भोंगवलीहून या घरात आलीस तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, हाताखाली कुणी मिळालं. पण तू आलीस ती मोबाईल बघत, आणि मोबाईलमध्ये माणसं मशीन खोलून दाखवायची. भोरमध्ये घरबसल्या काय करता येईल तर छपाई, असं तूच ठरवलंस. जुना प्रिंटर आणलास. कंपनीच्या शाईच्या डब्या परवडेनात, म्हणून रिकाम्या डबीला भोक पाडून त्यात इंजेक्शनच्या सुईनं शाई भरायला लागलीस. पहिल्या खेपेला माझ्या पोळपाटावर ती शाई उडाली. आजही पोळी लाटताना कडेला निळं दिसतं आणि मी अजून तो पोळपाट बदललेला नाही.

मग तुला त्या पारदर्शक डब्यांचा शोध लागला, पुन्हा पुन्हा भरायच्या, वर रबराचं बूच असलेल्या. एका प्रिंटरला तर तू मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी जोडलीस आणि शाईच्या बाटल्या बाहेर टांगल्यास. सासूबाई दारातून बघून म्हणाल्या, "ह्या मशीनला काय आजार झालाय?" तू हसून हसून खाली बसलीस.

माझ्या माहेरची, पालीची पाटी आठवते? माझ्या भावानं राजगडाच्या पायथ्याला, आमच्या घराच्या ओसरीत, गड चढायला येणाऱ्यांना जेवण द्यायला सुरुवात केली होती. त्याला तू पाटी छापून दिलीस, मोठ्या अक्षरात, रंगीत. वेल्ह्याकडचं धुकं तुझ्या शाईला ठाऊक नव्हतं. दोन दिवसांत पिठलंही वाहून गेलं आणि भाकरीही, शेवटचं 'मिळेल' तेवढं राहिलं. लोक येऊन विचारायचे, काय मिळेल? भाऊ फोनवर मला बोलला, मी ते सगळं तुला तिखट-मीठ लावून ऐकवलं. तुला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, "म्हंजे पानी लागलं की पळनारी शाई येगळी आन चिकटून बसनारी येगळी. बरं झालं कळलं." तुझ्या या बरं झालंचा मला फार राग यायचा. पडलीस तरी तुला ते बरंच झालेलं असायचं.

माझे केक तोवर गल्लीत खपायला लागले होते. मग ती फोटो केकची टूम आली. ज्याचा वाढदिवस त्याचा चेहरा केकवर. त्याला शुगर शीट लागते, म्हणजे खायचा कागद, आणि खायची शाई लागते. तू हट्टाला पेटून पहिल्यासारखाच दुसरा प्रिंटर घेतलास. तशाच पारदर्शक डब्या, तसाच आकार, पण आत खायची शाई. मी तेव्हाच म्हटलं होतं की केकच्या मशीनला कंपनीच्या भरलेल्या, बंद डब्या घे. तू ऐकलं नाहीस. "बंद डबीत काय हाय ते तुमाला कुठं दिसतं आक्का? ह्यात दिसतं." आणि खूण म्हणून तू खायच्या शाईच्या प्रत्येक डबीवर तुझ्या पाकिटातली एकेक लाल टिकली चिकटवलीस. टिकली असेल ती खायची, नसेल ती कागदाची. मला ते आवडलं होतं, हे मात्र कबूल करते.

खंडेनवमीला सासूबाईंनी पाट मांडला. या घरात त्या दिवशी कोयता, विळी, पाना, सगळ्यांची पूजा होते. त्यात माझा बीटर आणि क्रीम पसरायची सुरी होती, आणि त्यांच्या मते शाईच्या डब्याही हत्यारच. त्या त्यांना दौती म्हणायच्या. "दौती बी काढ गं, त्यांच्यावर तुझं पोट हाय." डब्या बाहेर ठेवल्या की हेड वाळेल या भीतीनं तू कुरकुरलीस, पण काढून दिल्यास. सासूबाईंनी एकेक डबी ओल्या फडक्यानं पुसली. टिकल्या निघाल्या. त्यांना वाटलं, हौसेनं लावलीय पोरीनं, पण पूजेला टिकली कशाला, कुंकू असताना. सगळ्या डब्यांना त्यांनी कुंकू लावलं, वर झेंडू वाहिला. आपण दोघी तेव्हा स्वयंपाकघरात पुरणाच्या नादात होतो.

दसऱ्याच्या सकाळी किकवीचा केक होता. आरोहीचा पहिला वाढदिवस. लाईट जायच्या आत फोटो काढायचा म्हणून आपली घाई. मी पाटावरच्या झेंडूतून लाल ठिपक्याच्या डब्या उचलून देत होते, तू मशीनमध्ये बसवत होतीस. कुंकवाचा ठिपका आणि लाल टिकली, घाईच्या डोळ्यांना एकच. मी चुकीची दिली की तू न बघता घेतलीस, यावर आपण नंतर इतकं भांडलो की आता मला त्या सकाळचं खरं काही आठवतच नाही, फक्त भांडण आठवतं. उरलेल्या डब्या तू कागदाच्या मशीनला बसवल्यास, त्यांवरही लाल होतं. तुला वाटलं, पूजेचं कुंकू आहे. ते पूजेचंच होतं.

फोटो इतका झळझळीत आला की मी म्हटलं, शुभे, आज तुझ्या मशीनला देव पावला. आरोहीचे गाल, डोळ्यातली चमक, सगळं जिवंत. किकवीचा एक पाहुणा भोरात आला होता, तो केक घेऊन गेला.

दुपारी गल्लीतल्या बायकांना वाटायला भोंडल्याच्या गाण्यांचे कागद तू दुसऱ्या मशीनमधून काढलेस आणि वाळायला ओट्यावर ठेवलेस. मी चहा टाकायला गेले, तर कागदावर मुंग्या. सांडल्यासारख्या इकडेतिकडे नाही, अक्षरांवरून चाललेल्या, ओळ धरून. मी फडकं घेऊन झटकायला लागले. तू माझा हात धरलास. कागदाचा कोपरा फाडून जिभेला लावलास. तुझा चेहरा असा उतरला की मला काही विचारायचं भान राहिलं नाही.

"गोड हाय," म्हणालीस. "आक्का, ही खायची हाय. ही हितं हाय."

खायची शाई कागदावर, म्हणजे कागदाची शाई केकवर. किकवीला फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला. दारात मांडव, मांडवात स्पीकर, फोन कुणाला ऐकू जाणार? तू ओढणी कमरेला बांधलीस, शाईची बाटली पिशवीत टाकलीस आणि स्कूटी काढलीस. मी बाटलीकडे बघून ओरडले, ही कशाला? उत्तर न देता तू किक मारलीस.

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. दसऱ्याचा दिवस, जो तो आपापल्या गाडीला हार घालून निघालेला. पुढे ट्रॅक्टर, त्याला केळीचे खुंट बांधलेले, आणि तो चालला होता मिरवणुकीसारखा. तू हॉर्न वाजवतेयस आणि तो मागे वळून हसतोय. मी मागून फोन लावतेच आहे. कापूरहोळला हायवे लागला आणि वाटलं आता सुटलो, तर पुण्याहून गावाकडे निघालेल्या गाड्यांची ही रांग. त्या रांगेतही आपण भांडत होतो. मी तुझ्या कानात ओरडत होते, "सांगायचं, क्रीम आंबलंय. केक बदलून देतो म्हनायचं. शाईचं नाव काढायचं न्हाई." तू वाऱ्यात काहीतरी म्हणालीस. मला फक्त "बाळी" ऐकू आलं.

मांडवात पोचलो तेव्हा आरोहीच्या आईच्या, अश्विनीच्या, हातात सुरी होती. लेक कडेवर. माणसं गोल करून उभी. मी आधी पुढे झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "थांबा, कापू नका. क्रीम आंबलंय, आमी बदलून देतो."

सुरी थांबली. कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, अहो, चालतंय, गावाकडं सगळं पचतं. अश्विनीनं सुरी खाली ठेवली. माझा जीव भांड्यात पडला. शुभा, त्या क्षणी सगळं निभावलं होतं. केक उचलायचा, डब्यात घालायचा आणि घरी यायचं. मी तर हातही पुढे केला होता.

तू बाळाकडे बघत होतीस. "हिला कुनी खाऊ घातलंय का?" विचारलंस. आरोहीची आत्या लाजत म्हणाली, जरासं, फोटोतल्या निळ्या फ्रॉकवर बोट बुडवून चाटवलं. तेव्हा सगळ्यांनी बाळाच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ निळे होते.

असा कालवा उठला की स्पीकरचं गाणं ऐकू येईना. कुणी पाणी म्हणतंय, कुणी गाडी काढा म्हणतंय. तू गर्दीतून पुढे घुसलीस, लेकीचा ओठ ओढणीनं पुसलास, निळं ओढणीला आलं, खालचा ओठ गुलाबी निघाला. "ह्यो रंग हाय, श्वासाचं न्हाई," तू म्हणालीस. आणि मग, माझ्या देखत, माझ्या शब्दावर पाय देऊन: "क्रीम आंबलेलं न्हाई. ह्या फोटोला कागदाची शाई लागलीय. माज्या हातनं झालं. डॉक्टरला दाखवूया, बाटली म्या आनलीय." तू केकवरून तो फोटो दोन्ही हातांनी उचललास, कुणी चुकूनही खाऊ नये म्हणून. पहिल्या वाढदिवसाला लेकीचा चेहरा केकवरून सोलून निघाला. आरोहीची आजी कपाळावर हात मारून खाली बसली आणि तुला जे काही बोलली ते मी इथं लिहीत नाही.

गावातल्या डॉक्टरांच्या घरी दसऱ्याचं जेवण चाललं होतं. ते उठले, बाटलीवरचं वाचलं, कुणाला तरी फोन केला, बाळाचं तोंड धुतलं, पोट दाबून पाहिलं. म्हणाले, चाटण्यापुरतंच गेलंय, काळजीचं नाही, लक्ष ठेवा. शाई कुठली ते हातात होतं म्हणून बरं, असंही म्हणाले. ते म्हणताना तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस, याचाच मला जास्त राग आला.

मला वाटलं आता निघू. तू त्यांच्या ओट्यावर बसून राहिलीस. आत कुणी बोलावलं नाही, पाण्याला कुणी विचारलं नाही. आरोही अंगावर प्यायली, मग रांगत येऊन तिनं तुझ्या पायातलं जोडवं ओढून बघितलं. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तेव्हा. अंधारायला लागल्यावर अश्विनी दारात येऊन एवढंच म्हणाली, "जावा आता." तेव्हा उठलीस.

घरी येताना मी तुझ्या मागे बसून एक शब्द बोलले नाही. बोलले ते घरात आल्यावर. सुरी थांबली होती, शुभा. केक परत येत होता. एका चाटण्यानं काय झालं असतं? डॉक्टरांनीही तेच सांगितलं ना? साऱ्या मांडवात आपल्या घराचं नाव घालवलंस. तू म्हणालीस, "आन लेकरू उलटी करायला लागलं असतं, तर डॉक्टरला काय सांगायचं आक्का? क्रीम आंबलंय?" मी म्हटलं, तेवढं कानात सांगायचं, गर्दीत कशाला? तू म्हणालीस, "कानात सांगायला कुनाचा कान मोकळा व्हता?" मी भांडी आदळली.

सासूबाईंना सगळं भिंतीपलीकडून ऐकू गेलं. सकाळी तुझ्यापाशी येऊन त्यांनी विचारलं, "माज्या कुंकवानं झालं का गं?" तू म्हणालीस, "न्हाई आत्याबाई. माजी खूनच कच्ची व्हती." किकवीतही तू पूजेचं नाव काढलं नव्हतंस. मी तुला कितीही बोलले तरी हे मी विसरले नाही. तेव्हा म्हटलं नाही. आज म्हणते. आपल्या म्हाताऱ्या माणसाला तू वाचवलंस, आणि त्या बदल्यात काहीच मागितलं नाहीस.

त्यानंतर ऑर्डरी आटल्या. बाजारात कुणीतरी मला 'शाईच्या केकवाल्या' म्हणालं, तेही हसून. मी ते घरी येऊन तुला ऐकवलं, चार वेळा ऐकवलं. कंपनीच्या बंद डब्या आण, नाहीतर फोटो केक बंद, असं बजावलं. तू ऐकून घेतलंस आणि कानस घेऊन बसलीस.

खूण पुसली जाते, हे तुझ्या डोक्यात बसलं होतं. खूण नकोच, म्हणालीस, चुकीची डबी बसायलाच नको. कुल्फीच्या काड्या कापून तू खायच्या शाईच्या डब्यांना बाजूला चिकटवल्यास, आणि केकच्या मशीनमध्ये तेवढंच प्लॅस्टिक कानसून जागा केलीस. त्या डब्या आता कागदाच्या मशीनमध्ये जाईनात. कागदाच्या डब्यांना तू दुसऱ्या बाजूनं काडी लावलीस, त्या इकडे बसेनात. मी म्हटलं, ह्याला प्रिंटर म्हनायचं का, याला तर दात फुटलेत. मग तू मला तुझे डोळे बांधायला लावलेस. आंधळी कोशिंबीर खेळायचं वय होतं का आपलं? मी तुझ्या हातात मुद्दाम चुकीच्या डब्या देत होते, मनापासून, दुष्टपणानं, आणि तू एकही बसवू शकली नाहीस. तू ओरडत होतीस, "द्या की अजून, द्या," आणि मी हसत होते. दसऱ्यानंतर त्या दिवशी आपण पहिल्यांदा हसलो. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. दसऱ्यापासून त्यांनी तुझ्या खोलीत पाऊल टाकलंच नाही.

माझा हेका तरी मी कुठं सोडला? हसून झाल्यावर पुन्हा म्हटलंच, हे सगळं ठीक, पण किकवीत बोलायला नको होतंस. तू डोळ्यांवरची ओढणी काढत म्हणालीस, "आक्का, तुमाला अजून पटंना?" मी म्हटलं, नाही पटलं. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या मग." आणि ते राहिलंच. ताप आला, तालुक्याच्या दवाखान्यातून पुण्याला नेलं, आणि तुला घेऊन परत आलो ते तसं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्याच्यानं लिहवत नाही.

काल टॉवेल काढून मी तुझ्या मशीनसमोर उभी होते. बटण दाबायचं धाडस होत नव्हतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत तुझा मोबाईल वाजला. भाऊजी तो अजून चार्जिंगला लावतात, बंद करायची त्यांची हिंमत नाही. पडद्यावर तू घातलेलं नाव होतं, 'किकवी आरोही'. मला वाटलं, वर्षभरानं काही तक्रार निघाली. उचलला.

"शुभाताई, तीन आठवडं झालं फोन न्हाई तुमचा? आरोहीचा वाढदिवस आलाय. फोटुवाला केक पाहिजे. ह्या वर्साला सासूबाई बी गप हायत, म्या समजावलंय."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. पलीकडून मागे लेकराचं बोबडं बोलणं ऐकू आलं. अश्विनी रडत होती. रडत रडतच तिनं सांगितलं की तू त्या दसऱ्यापासून तिला फोन करत होतीस. सुरुवातीला रोज, मग आठवड्याला. जेवली का, दात आले का, चालायला लागली का. तिनं आधी रागानं फोन कापले, तरी तू करत राहिलीस. मग तीच वाट बघायला लागली. आणि मला, एका चुलीवर तुझ्यासोबत भाकऱ्या थापणाऱ्या मला, यातलं काहीच माहीत नव्हतं. कधी करायचीस गं? मी देवाला फुलं वाहताना?

मग तिनं विचारलं, "तुमी कोन बोलताय?"

"तिची थोरली जाऊ."

ती म्हणाली, "म्हंजे क्रीम आंबलंय म्हनाल्या, त्या?"

शुभा, तू वर्षभर जे मला पटवू शकली नाहीस ते तिनं एवढ्या प्रश्नात विचारून टाकलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती की आपण नक्की कुणाशी बोलतोय. तुला ती ताई म्हणते. मला तिनं एका वाक्यावरून ओळखलं.

"हो," मी म्हटलं. "मीच ती."

"फोटू आता तुमी काढनार?"

मी हो म्हणून गेले. आधी तोंडून निघालं, मग मला कळलं की मी काय बोलले.

मग हळू, पण स्पष्ट म्हणाली, "मग म्या येते आदल्या दिवशी. तुमी शाई भरताना तितं बसून बगते. चालंल का? वाईट वाटून घिऊ नका. लेकराच्या तोंडात जायचं हाय."

वाईट वाटलं. फार वाटलं. माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून ती माझ्या हाताकडे बघणार. पण मी चालेल म्हटलं. भाऊजींना सांगितलं की कापूरहोळच्या माणसाला येऊ नको म्हणा. त्यांनी आतून पाणी आणून माझ्या हातात दिलं. मग केकच्या मशीनचं बटण दाबलं. पहिला कागद कोरा आला, दुसऱ्यावर फाटकी पिवळी रेघ, तिसऱ्यावर निळं. अजून लाल नीट येत नाही. कोमट पाण्याचं फडकं लावून ठेवलंय, तू लावायचीस तसं, आणि बरोबर आहे की नाही ते सांगायला कुणी नाही.

अश्विनी उद्या सकाळच्या एसटीनं येणार आहे, आरोहीला घेऊन. सुई धरताना माझा हात कापेल आणि ते तिला दिसेल.

दिसू दे.